हार्झच्या खाणी आणि पाव किलोची नाणी : ब्राउनश्वाइगच्या ड्यूक लोकांचे ल्योझर

हार्झवाला

मंडळी नमस्कार. नाण्यांवरचे धागे इथे बरेच झालेत, शिवराई, होन, संस्थानी नाणी, पण जर्मनीकडचं काही दिसलं नाही म्हणून हा धागा काढतोय. मी सध्या ब्राउनश्वाइगला राहतो आणि इथल्या जुन्या राजघराण्याने (वेल्फ घराणं, पुढे इंग्लंडच्या गादीवर गेलं तेच) 1574 पासून साधारण शंभरेक वर्षं चांदीची जी अवाढव्य नाणी पाडली त्यांनी मला पार वेड लावलंय. त्यांना ल्योझर म्हणतात.

अवाढव्य म्हणजे किती ते आधी सांगतो. त्या काळचा थालर म्हणजे चांदीचा मोठा रुपयाच समजा, वजन 29 ग्रॅमच्या थोडं वर आणि त्यात शुद्ध चांदी जवळपास 26 ग्रॅम. ल्योझर म्हणजे अशा दोन, तीन, चार, पाच, दहा थालरांचं मिळून एकच नाणं, अगदी 16 थालरपर्यंतसुद्धा गेलेत. दहा थालरचा ल्योझर 290 ग्रॅमच्या आसपास भरतो, आपल्या जुन्या 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने जवळजवळ 25 तोळे. हे खिशात टाकून कोणी बाजारात जात नव्हतं हे उघड आहे.

मग पाडली कशाला? इथेच खरी मजा आहे. वोल्फेनब्युटेलचा (ब्राउनश्वाइगजवळचं गाव, तिथे या घराण्याच्या एका शाखेची राजधानी होती) ड्यूक युलियस (राज्य 1568 ते 1589) हा त्या काळच्या राजांमध्ये वेगळाच माणूस, लढाया आणि शिकारीपेक्षा हिशोबाच्या वह्यांत रमणारा. खाणी, रस्ते, नदीतून मालवाहतूक, शिशाचा धंदा, सगळ्यात स्वतः लक्ष घालायचा, 1576 मध्ये हेल्मश्टेटला विद्यापीठ काढलं तेही त्यानेच. हार्झ डोंगरातून चांदी निघत होती पण ती नाणी होऊन राज्याबाहेर निघून जायची, त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे ल्योझर. प्रजेतल्या लोकांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे यातलं एक नाणं विकत घ्यायचं आणि घरात ठेवायचं. खर्च करायचं नाही. अगदीच नड आली तर ड्यूकच्याच खजिन्यात गहाण ठेवून चालू नाणी घ्यायची. म्हणजे चांदी राज्यातच राहिली, लोकांच्या पेटीत राहिली, आणि उद्या युद्ध उभं राहिलं तर कुणाकडे काय आहे हे ड्यूकला ठाऊक. राज्याची तिजोरीच घरोघर वाटून ठेवली म्हणा ना.

माझं म्हणणं एवढंच आहे की ल्योझरकडे बघताना बरेच लोक त्याला मेडल म्हणून बघतात, सुंदर आहे, मोठं आहे, राजाचं चित्र आहे म्हणून. पण ते आधी पैसे आहेत, वजन करून मोजलेले पैसे, आणि ही गोष्ट नाण्यावरच दिसते. कशी ते खाली प्रतिसादांत सांगतो, आधी तुम्ही काय म्हणता ते बघू.

---

सुपारीबाग

वा, छान विषय. पहिला प्रश्न मनात आला तो हा की ही आपल्याकडच्या नजराणा नाण्यांसारखी आहेत का? संस्थानांचे नजराणा रुपये असायचे ना, रुंद चकतीवर अख्खा ठसा उमटलेला, रोजच्या रुपयावर ठशाचा निम्माअर्धाच भाग यायचा. आणि जहांगीरची ती प्रचंड मोहोर, 1613 ची, 1000 तोळ्यांची, जवळपास 12 किलो सोनं, 1987 मध्ये जिनिव्हाला लिलावात आली होती ती. तेही देण्याघेण्याचंच नाणं.

---

हार्झवाला

@सुपारीबाग, मोठ्या आकारापुरतं साम्य आहे पण दिशा उलटी आहे बघा. नजर म्हणजे खालच्याने वरच्याला द्यायची, सरदाराने राजापुढे ठेवायची. जहांगीरच्या त्या मोहोरा वरून खाली जायच्या, पण त्या एखाद्याच मानकऱ्याला, बक्षीस म्हणून. युलियसचा ल्योझर वरून खाली आला, तोही पैसे मोजून घ्यायला लावला, आणि मानकऱ्याला नाही तर जो घेऊ शकेल त्याला.

भेट म्हणून द्यायचा प्रकार पुढच्या पिढ्यांमध्ये वाढला. 17व्या शतकातले ड्यूक लोक दरबारी पाहुणे, दुसऱ्या राज्यांचे वकील वगैरेंना ल्योझर द्यायला लागले आणि तेव्हा त्यावरची चित्रंही तशीच भपकेबाज होत गेली. तेव्हा सुरुवात सक्तीच्या बचतीने आणि शेवट भेटवस्तूने असा त्याचा प्रवास आहे.

---

अनुस्वार

पण सक्तीने नाणं विकत घ्यायला लावणं म्हणजे सरळ सरळ करच झाला की, नाव फक्त वेगळं. शेतकऱ्याने काय करायचं?

---

हार्झवाला

@अनुस्वार, कर आणि यात एक महत्त्वाचा फरक आहे, कर भरला की गेला. इथे चांदी तुमच्याच मालकीची राहते, मोडायचं स्वातंत्र्य मात्र जातं. आणि ऐपतीप्रमाणे म्हणूनच वेगवेगळ्या वजनाचे ल्योझर पाडले. तरी तुमचा मुद्दा मला पटतो, ज्याच्या घरात रोकड कमी त्याला पैसा असा अडकवून ठेवणं जड गेलंच असणार. युलियस काही दयाळू म्हणून हे करत नव्हता, त्याला चांदी हवी होती. मेला तेव्हा तिजोरी भरून ठेवून गेला, आणि पोराने, हाइनरिख युलियसने, ती संपवून वर कर्ज करून ठेवलं, शेवटची वर्षं प्रागला सम्राटाच्या दरबारात काढली, 1613 मध्ये तिथेच वारला.

---

कल्हईवाली

युलियस म्हणजे तोच का ज्याला किमयागारांनी फसवलं होतं? मी कुठेतरी वाचलंय की एका बाईला लोखंडी खुर्चीत बसवून जाळलं होतं वोल्फेनब्युटेलला.

---

हार्झवाला

@कल्हईवाली, हो तोच!! आणि तारखा बघा म्हणजे अंगावर काटा येतो. फिलिप झ्योमरिंग नावाचा एक माणूस 1571 मध्ये दरबारात आला, सोनं करून देतो, खाणींचं उत्पन्न वाढवून देतो असल्या थापा मारत, बरोबर आना मारिया त्सीग्लरिन आणि तिचा नवरा. ड्यूकने त्यांच्यावर पैसा ओतला. 1574 मध्ये सगळं अंगाशी येऊन ते पकडले गेले आणि 1575 च्या सुरुवातीला त्यांना फार क्रूरपणे मारलं, आनाला तुम्ही म्हणता तसं लोखंडी खुर्चीत बसवून जाळलं.

आणि पहिला ल्योझर 1574 चा. त्यावर चिलखतातला ड्यूक आहे, वेल्फ घराण्याचं शिल्ड आहे, आणि भोवती राशींची आणि ग्रहांची चिन्हं आहेत! त्या काळात प्रत्येक धातू एकेका ग्रहाचा मानायचे, चांदी चंद्राची, शिसं शनीचं, तांबं शुक्राचं, त्यामुळे खाणीवाल्या राजाच्या नाण्यावर ग्रह असणं त्या वेळी कुणाला विचित्र वाटलं नसेल. पण एकाच वर्षात एकीकडे किमयेचा धंदा कोसळतोय आणि दुसरीकडे हा माणूस खऱ्या चांदीवर ग्रह ठोकून प्रजेला विकतोय. मला वाटतं या माणसाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या, हिशोब पण आणि ग्रहतारे पण.

---

भूस्तर

थोडं खाणींबद्दल. मी भूशास्त्रातला आहे, हार्झला एकदा फील्ड ट्रिपला गेलो होतो म्हणून लिहितो. सगळे लोक 'हार्झची चांदी' असं एकत्र म्हणतात पण दोन वेगळे प्रकार आहेत. गोस्लारचा रामेल्सबेर्ग म्हणजे एका जागी साठलेला प्रचंड सल्फाइड धातुकाचा साठा, शिसं जस्त तांबं आणि त्याबरोबर चांदी, हजारहून जास्त वर्षं चालला आणि 1988 ला बंद पडला, 1992 मध्ये जागतिक वारसा झाला. आणि वरचा हार्झ, म्हणजे क्लाउस्टाल, त्सेलरफेल्ड, वगैरे, तिथे खडकातल्या भेगांमध्ये भरलेल्या शिरा आहेत, उभ्या, खोल जाणाऱ्या. शिरेच्या मागे जायचं तर खोल जावं लागतं आणि खोल गेलं की पाणी. पाणी उपसायला पाण्याचीच चाकं, त्या चाकांना पाणी पुरवायला डोंगरभर तळी आणि पाट. ते सगळं अजून आहे, चालत फिरता येतं, 2010 मध्ये तेही वारशाच्या यादीत जोडलं.

लाइब्निट्स, गणितवाला, तो याच पाण्याच्या मागे लागला होता. 1676 मध्ये हॅनोव्हरच्या ड्यूकच्या, योहान फ्रीडरिखच्या नोकरीत आला, ग्रंथपाल म्हणून, आणि 1679 पासून क्लाउस्टालला पवनचक्क्या लावून पाणी उपसायचा प्रयोग केला. 1685 पर्यंत खटपट चालली, जमलं नाही. खाणीतले जुने जाणते लोक पहिल्यापासून नाराज होते.

---

हार्झवाला

@भूस्तर, फार सुंदर माहिती, मी नेमकं इथेच येत होतो. कारण वरच्या हार्झच्या या खाणी खुद्द ल्योझरवर आहेत.

क्रिस्टियान लुडविग म्हणून सेलेचा ड्यूक होता (सेलेत 1648 ते 1665), त्याचे ल्योझर सगळ्यात देखणे असं माझं मत. एका बाजूला त्याच्या नावाची दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली, वर मुकुट, आणि भोवती त्याच्या मुलुखांच्या ढाली गोलात. दुसऱ्या बाजूला घराण्याचा घोडा, चौखूर उधळलेला. वर ढगातून एक हात आलाय आणि त्याच्या हातात पानांचा मुकुट, घोड्याच्या डोक्यावर धरलेला. लोक इथवर बघतात आणि पान उलटतात. पण घोड्याच्या खुरांखाली बघा! तिथे अख्खा खाणीचा डोंगर आहे. विहिरीच्या तोंडावरच्या झोपड्या, झाडं, वाट, कामाला लागलेली नखाएवढी माणसं, आणि काही नाण्यांवर तर जमीन कापून आतलं दाखवलंय, अंधारात काम करणारे. फोटो मोठा करून बघितला तर माणसांच्या हातातली अवजारं ओळखता येतात. साधारण 7-8 सेंटिमीटर रुंदीच्या चकतीवर हे सगळं, पोलादाच्या डायमध्ये (नाणं ठोकायच्या ठशात) उलटं कोरलेलं.

त्या काळी राजे स्वतःचा चेहरा, घोडा, विजय असलं काही टाकायचे. पैसा जिथून येतो तिथली कष्टकरी माणसं पैशावरच कोरलेली क्वचित. म्हणून मला हे नाणं जवळचं वाटतं. राजाने टाकली ती कदाचित खाणी माझ्या आहेत हे मिरवायलाच, असू दे, पण चारशे वर्षांनी त्या माणसांचं काम बघायला मिळतंय ते त्यामुळेच.

आता तो वजनाचा मुद्दा. या ल्योझरचे डाय फार महाग, कोरायला महिने जायचे, म्हणून दोन थालरला वेगळा आणि चारला वेगळा असा डाय करत बसत नव्हते. एकाच डायखाली पातळ चकती घातली की दोन थालर, जाड घातली की तीन किंवा चार. रुंदी तीच, चित्र तेच. मग ओळखायचं कसं? तर चकती पाडून, वजन करून झाल्यावर छोट्या पंचने आकडा वेगळा ठोकायचे, 2, 3, 4 असा. नीट बघितलं की कळतं, बाकीचं चित्र वर उठलेलं आहे आणि हा आकडा मात्र आत दबलेला आहे, बऱ्याचदा थोडा तिरका. मेडलला असा आकडा कोण ठोकेल? मेडलची किंमत त्याच्या चित्रात असते. इथे चित्र कितीही सुंदर असो, शेवटी तराजूवर ठेवून किती थालर ते लिहिलंय.

---

रुपेरी

पुण्यात छोटासा संग्रह आहे माझा, युरोपियन नाणी कमी, पण एक काळजी म्हणून लिहिते. हे वाचून कोणी ऑनलाइन शोधायला जाईल तर सांभाळून. मला एका विक्रेत्याने असंच घोड्याचं मोठं नाणं 'खात्रीचं जुनं' म्हणून दाखवलं होतं, किंमत चांदीच्या भावापेक्षा थोडीच जास्त. हातात घेतल्यावर लगेच शंका आली, अक्षरांच्या कडा मऊ, मेणासारख्या, आणि पार्श्वभूमीवर बारीक बारीक खड्डे. ओतीव काम. डायने ठोकलेल्या नाण्याची अक्षरं भिंतीसारखी सरळ उठतात. घेतलं नाही.

दुसरं म्हणजे खऱ्या ल्योझरमध्येही खूपसे कधीतरी दागिन्यासारखे कडी लावून टांगलेले किंवा चौकटीत बसवलेले असतात, नंतर ती कडी काढून कड घासून गुळगुळीत केलेली. भिंगातून कड फिरवून बघायची. तसं असेल तर किंमत खाली येते.

---

हार्झवाला

@रुपेरी, अगदी बरोबर. आणि वजन! चार आकडा ठोकलेलं नाणं चार थालरच्या, म्हणजे 116 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. फार कमी भरलं तर काहीतरी गडबड आहे. खरे ल्योझर इकडच्या लिलावांत फार मोठ्या किमतीला जातात, युलियसचे दहा थालरवाले तर संग्रहालयं आणि मोठे संग्राहक यांच्यातच फिरतात. चांदीच्या भावात कोणी देत असेल तर ते ल्योझर नाही.

---

मांडवीकाठ

गोव्याहून. मला इथे एक धागा जुळताना दिसतोय. पोर्तुगालच्या मानुएल राजाने वास्को द गामा परत आल्यावर, 1499 मध्ये, सोन्याचं एक मोठं नाणं पाडायला सुरुवात केली, दहा क्रुझादोचं, वजन 35 ग्रॅम. त्यावर दोन ओळीत गोल मजकूर आहे आणि त्यात इथिओपिया, अरेबिया, पर्शिया, इंडिया यांच्या विजयाचा, जलप्रवासाचा आणि व्यापाराचा धनी असं तो स्वतःला म्हणवतो. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांच्या व्यापारातून आलेला माज त्या नाण्यावर आहे, तेव्हा गोवा अजून घेतलंही नव्हतं, ते 1510 ला. हे नाणं उत्तर युरोपात इतकं पसरलं की हॅम्बुर्गसारख्या शहरांनी त्याच वजनाची स्वतःची सोन्याची नाणी पाडली, दहा डुकाटची, भेट द्यायला. त्यांना पोर्तुगालोझर म्हणायचे. तुमचा ल्योझर यावरूनच आला ना?

---

हार्झवाला

@मांडवीकाठ, क्या बात है. हो, बरेच अभ्यासक तसंच मानतात, हॅम्बुर्गची ती नाणी युलियसच्या आधीच चालू होती आणि दहाच्या पटीतलं मोठं नाणं ही कल्पना त्याला तिथूनच मिळाली असावी. सोन्याचं होतं ते त्याने चांदीत केलं, कारण त्याच्याकडे डोंगरात चांदी होती. इकडचे काही लोक नावाचा संबंध सोडवून घेणे या क्रियापदाशी लावतात, गहाण सोडवणे या अर्थी, तेही नाण्याच्या वापराशी जुळतं. मला पहिलं जास्त पटतं.

---

अनुस्वार

माझ्याकडून एक प्रश्न अजून. एकाच घराण्याचे इतके ड्यूक कसे? वोल्फेनब्युटेल, सेले, हॅनोव्हर, आणि सगळेच ल्योझर पाडतायत?

---

हार्झवाला

@अनुस्वार, भाऊबंदकी! बापाच्या मागे मुलांत वाटण्या, कुणाची शाखा निर्वंश झाली की परत वाटण्या. 1634 ला वोल्फेनब्युटेलचा फ्रीडरिख उलरिख मुलगा नसताना वारला तेव्हा सगळं वाटलं पण वरच्या हार्झच्या बऱ्याचशा खाणी वाटता येईनात, त्या सामाईक ठेवल्या, उत्पन्नाचे सात हिस्से करून चार एकाला तीन दुसऱ्याला. 1788 पर्यंत तसंच चाललं. त्सेलरफेल्डची टांकसाळ त्या सामाईकात, आणि शेजारचं क्लाउस्टाल मात्र एकट्या सेले-हॅनोव्हरवाल्यांचं. ही दोन गावं एका ओढ्याच्या दोन काठांवर, आज एकच नगरपालिका आहे, 1924 पासून. ओढ्याच्या अल्याड एका भावाची टांकसाळ आणि पल्याड सगळ्या भावांची. त्यामुळे एकाने देखणा ल्योझर काढला की दुसऱ्याला काढणं भागच. योहान फ्रीडरिखने खडकावरचं ताडाचं झाड टाकलं आणि बोधवाक्य 'एक्स दुरिस ग्लोरिया', कष्टातून कीर्ती. लाउटेनटालच्या खाणीसाठी वीणेसारखं ल्यूट वाजवणारी बाई आहे. वोल्फेनब्युटेलचा म्हातारा आउगुस्ट, ज्याच्या नावाची ती प्रसिद्ध लायब्ररी आहे, त्याचेही आहेत.

फ्रीडरिख उलरिखच्या काळाबद्दल एक सांगायलाच हवं. 1619 च्या सुमारास याच राज्यात जागोजागी टांकसाळी निघाल्या आणि तांबं मिसळलेली रद्दड नाणी पाडली, 1623 पर्यंत सगळ्या जर्मन मुलुखात भाव नुसते भडकले, गरिबांचे हाल झाले. बाजारातल्या पैशात चांदी राहिली नाही त्या दिवसांत ज्याच्या पेटीत आजोबाचा युलियस ल्योझर होता त्याची खरी चांदी होती. तो सांभाळून ठेवायला लावलेला ल्योझर अशा वेळी किती घरांनी मोडला असेल याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

---

सुपारीबाग

मग हे थांबलं कधी?

---

हार्झवाला

@सुपारीबाग, 17व्या शतकाच्या शेवटी. थालरचं माप बदललं, राज्यांनी छोटी नाणी जास्त पाडायला घेतली, आणि भेट द्यायला आता नुसती मेडलं पाडायला लागले, त्यांना वजनाचं बंधन नाही, वाटेल तशी करा. हॅनोव्हरवाल्यांचं लक्षही मोठं झालं, 1692 ला इलेक्टर (सम्राट निवडायचा हक्क असलेला राजा), 1714 ला इंग्लंडची गादी.

---

रुपेरी

अरे म्हणजे 1835 चा विल्यम राजाचा रुपया! ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलुखाला एकच रुपया केला तो. चौथा विल्यम हॅनोव्हरचाही राजा होता ना? माझ्याकडे तो आहे, घरोघरी असायचा एकेकाळी.

---

हार्झवाला

@रुपेरी, होय, तोच, त्याच वेल्फ घराण्यातला, 1837 पर्यंत दोन्हीकडचा राजा. नंतर व्हिक्टोरियाला इंग्लंड मिळालं पण हॅनोव्हरच्या कायद्यात बाईला गादी नाही म्हणून तिकडे तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट बसला. तेव्हा तुमच्या डब्यातल्या रुपयावरचा चेहरा आणि माझ्या क्रिस्टियान लुडविगचा घोडा एकाच घरातले.

बघायला यायचं असेल त्यांच्यासाठी : या भागातल्या नाण्यांचे मोठे संग्रह हॅनोव्हरच्या लँडेसम्युझियममध्ये, ब्राउनश्वाइगच्या आंटोन उलरिख म्युझियममध्ये आणि बर्लिनला बोडे म्युझियममध्ये आहेत, पण सगळंच मांडलेलं नसतं तेव्हा आधी मेल करून विचारा. खाणीत उतरायचं तर गोस्लार, रामेल्सबेर्गला जुन्या बोगद्यांतून फिरवतात. आतमध्ये उन्हाळ्यातही गारठा असतो, जाकीट लागतंच. आणि ल्योझर काचेआड दिसला तर वाकून खालच्या कडेला बघा, तो ठोकलेला आकडा सापडतो का. सगळ्यांवर नसतो, पण सापडला तर इथे फोटो टाका, किती थालरचा ते आपण मिळून काढू.

---

भूस्तर

जूनमध्ये गोस्लारला जाणार आहे, हॅनोव्हरही करतो. फोटोची परवानगी मिळाली तर खाणीच्या चित्राचा क्लोजअप नक्की. त्या कापून दाखवलेल्या भागात शिरेचा उतार बरोबर काढलाय का हे मला बघायचंय.